चादरीएवढी जागा

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकायचंय मला. नाहीतर आणखी पाच वर्षं पोटात ठेवीन आणि मग कधीच सांगणार नाही. टायपिंग क्लासमधे बसलेय, सर चहाला गेलेत. समोर सरावाचा उतारा लावलाय, ‘महोदय, आपले पत्र मिळाले’, आणि तो सोडून मी हे बडवत सुटलेय. चाळीस स्पीडची परीक्षा पंधरा दिवसांवर आहे. चुका झाल्या तर झाल्या, खोडणार नाही.

झालं काय, काल क्लासमधल्या मुली म्हणाल्या, तू म्हणे डोंगरावर बसून मोटरसायकलची रेस बघितलीयस, सांग ना. आणि मी सांगितली! हातवारे करून, तोंडाने गाडीचा आवाज काढून, गाडी वळणावर कशी आडवी झाली, गुडघा कसा रस्त्याला घासला, सगळं. पोरी तोंडाचा आ करून बघत होत्या. इतकी वर्षं मी ती रेस अशीच सांगत आलेय. त्यातली एक बाई मात्र मी दर वेळी गाळते.

आज ती बाई सांगते.

मी अकरावीत होते. भिवंडीत राहून लूमच्या खटखटीची सवय झालेली असते, तो आवाज कानाला कळत पण नाही. पण मोटरसायकल आली की मी खिडकीत. टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, गल्लीच्या तोंडाशी असतानाच ओळखायचे. आई म्हणायची, या मुलीचं लग्न गॅरेजवाल्याशीच लावून देऊ. आणि एक दिवस खरोखर एका गॅरेजच्या शटरवरच कागद चिकटवलेला दिसला. घाटात मोटरसायकलची शर्यत, रविवारी सकाळी, तेवढा वेळ रस्ता बंद. तो घाट कुठला ते सांगत नाही. वाडा तालुक्याच्या बाजूला, एवढंच. तिथली माणसं अजून तिथेच आहेत.

माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं. दोनशे पानी वही घेतली आणि वरती लिहिलं, ‘रेसचा दिवस’. कोण येणार, कशाने जायचं, किती वाजता निघायचं, पोळ्या कोणी आणायच्या, बटाट्याची भाजी कोणी. पाण्याचे कॅन. टोप्या. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, कारण गाड्या एकेक मिनिटाने सुटणार होत्या आणि मला प्रत्येकीची वेळ लिहायची होती. अकरा जणं जमलो. कोन गावचा एक वर्गमित्र होता, त्याच्या वडिलांचे लूम आणि कापडाचे तागे न्यायचा टेम्पो. तो म्हणाला, “टेम्पो मेरा, प्लॅनिंग तेरी. पण डोक्याला शॉट नको देऊ हां, हेडमास्तरीण.”

खरी अडचण घरी होती.

“डोंगरावर?” आई म्हणाली. “मुलांबरोबर? मोटरसायकली बघायला? रस्त्यावर एवढ्या फिरतात त्या काय कमी आहेत?”

“आई, रेस वेगळी असते गं!”

“वेगळी म्हणजे काय, त्यांना चाकं तीन असतात?”

बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “तिथे कुणी ओळखीचं आहे का?”

आणि होतं की! बाबांच्या ऑफिसातले शिपाईकाका. त्यांचा पाडा त्या घाटाच्या बरोबर खाली. आठवड्यातून दोनदा ते फायली घेऊन घरी यायचे, चहा प्यायचे. त्यांची कपबशी आमच्याकडे खिडकीत वेगळी असायची. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं, हे पण सांगून टाकते. मी त्यांनाच मधे घातलं. काका दारात उभे राहून बाबांना म्हणाले, “पाडा खालीच हाय साहेब. भाऊ हाय, वहिनी हाय. पोरींना काय बी व्हनार न्हाय. मी सांगतो ना.”

त्या ‘मी सांगतो ना’वर मला परवानगी मिळाली. हे लक्षात ठेवा.

आता नुसतं जाऊन कुठेही बसायचं, हे माझ्या प्लॅनिंगमधे बसत नव्हतं. जागा आधी बघून यायची! म्हणून रेसच्या आधीच्या रविवारी आम्ही पाच जणं एसटीने गेलो. मी, माझी शेजारची मैत्रीण, कोनवाला आणि आणखी दोघं. होळी नुकतीच झाली होती, ऊन चढलेलं. खालच्या वळणावर उभं राहून बघितलं तर फक्त एक वळण दिसतं. झाडीतून वर गेलो तर काहीच दिसत नाही. कोनवाला ओरडतोय, “अबे यार, पिक्चर बघायला आलोय की प्रोजेक्टर शोधायला?” आणि मग एका मोठ्या काळ्या दगडाच्या अंगाला एकदम सपाटी लागली. आईशप्पथ सांगते, जागा म्हणजे जागा! खाली दोन वळणं आणि त्यांच्या मधला सरळ पट्टा, सगळं तळहातावर ठेवल्यासारखं.

फक्त एक गोष्ट होती. सपाटीभर कचरा पडला होता. म्हणजे मला तो कचरा वाटला. वाळक्या फांद्या, पाला, मधे मधे शेण, वर गवत, आणि काही ठिकाणी त्याच्यावर माती. गुडघाभर उंच.

आता हे ऐका. जानेवारीत आमच्या कॉलेजचं श्रमदान शिबिर झालं होतं. एका गावात गटार उपसलं, पांढरे दगड लावले, सर्टिफिकेट मिळालं. आमच्या हातांना ती खाज होतीच. मी म्हटलं, “चला, श्रमदान! ही जागा साफ करून टाकू.”

मैत्रीण तिथेच उभी राहिली. “अगं, नीट रचल्यासारखं दिसतंय हे. कुणीतरी ठेवलं असेल.”

“रचलंय कसलं! वाऱ्याने जमलंय.”

“वाऱ्याने शेण जमतं?”

“गुरं चरतात ना इथे! तू काय बाई, प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस.”

सगळे हसले. ती पण हसली आणि वाकली. दोन तास आम्ही ते ढकलत होतो. पायाने, हाताने, फांद्यांचे भारे करून कड्यापर्यंत न्यायचे आणि खाली घळीत लोटून द्यायचे. शिबिरातल्या घोषणा देत होतो. खाली पडताना त्यातून धूळ उडायची, तिला आम्ही टाळ्या वाजवल्या. सपाटी अशी लख्ख झाली की मी तिथेच वहीत नकाशा काढला. चादर इथे, डबे सावलीत, घड्याळवाली म्हणजे मी दगडावर. खाली लिहिलं, ‘जागा साफ’ आणि त्याला दोन रेघा.

बुधवारी शिपाईकाका फायली घेऊन आले. बाबा अंघोळीला गेले होते. मी चहा नेऊन दिला आणि मला राहवेना.

“काका, तुमच्या डोंगरावर श्रमदान करून आलो आम्ही! काळा दगड आहे ना मोठा, त्याच्याजवळची सपाटी. केवढा कचरा होता! सगळा घळीत टाकला.”

काकांनी बशीत चहा ओतला होता. तो प्यायले नाहीत.

“दगडाच्या अंगाला? वरच्या तुकड्यात?”

“हो.”

“समदा?”

“समदा!” मी हसत म्हटलं.

त्यांनी बशी खाली ठेवली. मग हळू म्हणाले, जणू चूक त्यांचीच आहे, “कचरा न्हवता ताई तो. वहिनीचा राब व्हता.”

मला काहीच माहीत नव्हतं. भात रोज दोन वेळा खात होते, पण राब म्हणजे काय ते मला काकांनी खिडकीजवळ उभं राहून सांगितलं. ज्या तुकड्यात भाताचं रोप करायचं, तिथे उन्हाळ्यात शेण, फांद्या, पाला, गवत असं थरावर थर लावायचं, वर माती टाकायची, आणि पाऊस यायच्या आधी ते भाजायचं. जमीन भाजली की तण मरतं, राखेत रोप जोमाने येतं. ते रोप मग खालच्या शेतात लावायचं. “वरचा तुकडा म्हंजे रोपाचा. ते झालं तर वर्साचा भात,” काका म्हणाले.

“किती दिवस लागतात हो लावायला?”

“ती मोजीत न्हाय. दिवाळीपासून एकेक भारा आनते डोक्यावर.”

“मग आता?”

“आता काय. परत आनील. जवळचा पाला संपलाय, लांब जावं लागंल.” मग त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं. “साहेबांना सांगू नका हां, ताई. माझ्या भरवशावर पाठवलं त्यांनी. उगाच त्यांच्या डोक्याला ताप.”

आणि मला काय वाटलं माहितीये? बरं वाटलं. खूप बरं वाटलं! काकाच म्हणतायत सांगू नका. म्हणजे मला सांगायला नको. त्यांच्या बशीतल्या चहावर साय धरली होती आणि माझ्या डोक्यात एवढंच, की बाबांना कळणार नाही, रविवार वाचला.

त्या संध्याकाळी वही उघडली. अजून आहे ती माझ्याकडे. त्यात एक ओळ आहे, ‘शनिवारी सगळ्यांनी जाऊन घळीतलं वर आणायचं’. लिहिली होती मी. अकरा जणं आणि एक टेम्पो. निम्मं तरी वर आलं असतं. मग मी बसून विचार केला. हे करायचं म्हणजे सगळ्यांना सांगायचं. कोनवाला म्हणणार, वा हेडमास्तरीण, तुझं श्रमदान! मैत्रीण म्हणणार, मी तेव्हाच बोलले होते. घरी कळणार, रविवार रद्द, आणि पुढची सगळी वर्षं ‘त्या वेळी डोंगरावर काय केलंस’ ऐकायचं. मी ती ओळ खोडली. इतकी खोडली की मागच्या पानावर शाई उतरलीय.

रविवारी साडेपाचला टेम्पो निघाला. शेलार गाव मागे पडेपर्यंत सगळे गाणी म्हणायला लागले होते. मी पण म्हणत होते. सातला सपाटीवर पोचलो. जागा बघून सगळे खूष, कोनवाल्याने मला सलाम ठोकला. “मान गये, हेडमास्तरीण. व्हीआयपी स्टँड!” मी नकाशाप्रमाणे मधोमध मोठी चादर पसरली. एका कोपऱ्यात कुणीतरी थोड्या ताज्या फांद्या आणून टाकलेल्या होत्या. त्या मी बघितल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले.

साडेआठच्या सुमारास ती आली.

डोक्यावर एवढा मोठा भारा, की आधी फांद्याच चालत आल्यासारख्या दिसल्या. कमरेला कोयता. पोटऱ्यांवर पांढरे ओरखडे. तिने भारा कोपऱ्यात टाकला, आम्हाला बघितलं आणि हसली.

“तुम्हीच व्हय भिवंडीच्या पोरी? भावजी बोल्ले व्हते, येनार हायत म्हनून. बसा, बसा.”

काकांनी तिला सांगितलंच नव्हतं. आम्ही येणार एवढंच सांगितलं होतं, आम्ही काय केलं ते नाही.

ती वाकून फांद्या पसरायला लागली. एक थर, मग बाजूला ठेवलेला पाला, मग परत फांद्या. आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, “मावशी, आज सुट्टी घ्या की. रेस बघा आमच्याबरोबर.”

“मला कुठली सुट्टी, बाय! माझा लावलेला राब कुनी टाकून दिला.” ती हात चालू ठेवूनच बोलत होती. “पयलं वाटलं, गुरांनी इस्कटला. पन गुरं का घळीत टाकतील? मानसं व्हती. चपलांचे ठसे व्हते. कुनाचं काय वाकडं केलं मी, तेच समजंना.”

“अरेरे,” कुणीतरी म्हणालं. “राब म्हणजे काय पण?”

“हेच की. फांद्या, शेन, पाला. हितंच व्हता, तुम्ही बसल्यात ना, तितं.”

मी खाली रस्त्याकडे बघत होते. आणि मग कोनवाल्याचा आवाज आला, “अरे... वो कचरा...”

आणि मी उठून उभी राहिले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, “आली! आली! पहिली गाडी आली! ते बघा, खाली, खाली!”

सगळे धावले. कोनवाला पण धावला. अकराच्या अकरा कड्याशी. “कुठे? कुठे? कुठली?” कुणी मला ढकललं, कुणाच्या पायाने पाण्याचा कॅन लवंडला.

खाली काहीही नव्हतं. रिकामा रस्ता आणि झेंडा घेऊन उभा असलेला एक माणूस. मी बोट दाखवत राहिले, “आत्ता त्या झाडामागे गेली, थांबा, दिसेल.” कुठलं झाड, माझं मलाच माहीत नाही. मैत्रिणीने रस्त्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं, मला सगळं कळलं होतं हे पण कळलं, आणि ती काही बोलली नाही. आजपर्यंत बोललेली नाही. आम्ही दोघी अजून एकाच मजल्यावर राहतो.

पाचेक मिनिटांनी खरी गाडी आली. आधी आवाज, गुंईंईं करत डोंगराला घासत वर येणारा, मग छातीवर नंबर लावलेला माणूस, वळणावर आडवा झालेला. सगळे नाचायला लागले आणि कचऱ्याचा विषय तिथेच राहिला. मला जसं हवं होतं तसंच. मग एकामागून एक गाड्या आल्या. जळक्या ऑइलचा वास वरपर्यंत आला, एवढं आठवतं. बाकी मी क्लासमधे जे सांगते, तो घासलेला गुडघा, ती शेवटच्या क्षणी मारलेली बाजी, ते मी पुढे मनाने भरलंय. कारण मी रेस बघितलीच नाही. माझे कान मागे होते. फांदी पडल्याचा आवाज, पाला चुरगळल्याचा, तिचं हुश्श, मग ती खाली गेल्याची शांतता. मग परत फांद्या. तेवढ्या वेळात ती तीनदा वर आली. वहीत वेळा लिहायचं पान कोरं आहे.

तिसऱ्या खेपेला ती दगडाला टेकून उभी राहिली, तेव्हा मी उठले आणि तिला पाणी दिलं. लवंडलेल्या कॅनमधे जेवढं उरलं होतं तेवढं. ती गटागटा प्यायली. मग हळूच म्हणाली, “बाय, तो पोरगा मगाशी काय बोलत व्हता गं? वो कचरा, म्हनून?”

एवढ्या जवळून विचारलं तिने. बाकी सगळे कड्याशी होते, कुणाला ऐकू गेलं नसतं. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हटलं, “काही नाही मावशी. डब्याच्या कचऱ्याबद्दल म्हणत होता. कुठे टाकायचा ते.”

“मग टाका की हितंच,” ती म्हणाली. “राबात चालतंय समदं.”

बाराच्या सुमारास रस्ता उघडला. डबे खाऊन झाले होते. उठताना बघितलं तर तिने आमच्या चारी बाजूंनी राब लावत आणला होता. पातळ होता, पूर्वीसारखा गुडघाभर नव्हता, पण लावला होता. आम्हाला एकदाही सरका म्हणाली नाही. आम्ही चादर उचलली, आणि मधोमध चादरीएवढी चौकोनी जागा उघडी राहिली. लख्ख. मी साफ केलेली.

“झाली का शर्यत?” ती म्हणाली. “मजा आली ना? या आता तुम्ही. तेवढं भरून घेते.”

टेम्पोत बसल्यावर कोनवाल्याने एकदा माझ्याकडे बघितलं. “हेडमास्तरीण, ती पहिली गाडी मला दिसलीच नाही यार.” मी म्हटलं, “तुझं लक्षच नव्हतं.” तो बरं म्हणाला आणि बाहेर बघत बसला. परत येताना गाणी झाली नाहीत. सगळे दमले होते, असं मी धरून चालले.

पुढच्या बुधवारी शिपाईकाका आले. मी चहा दिला. ते बाबांच्या देखत म्हणाले, “मग ताई, बघितली का रेस?” मी हो म्हटलं. “वहिनी बोलत व्हती, पोरी लई चांगल्या व्हत्या. एकीनं तर पानी दिलं.” आणि माझ्याकडे न बघता चहा प्यायले. ती एक म्हणजे मी, हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, अजून कळत नाही. माहीत असावं. टोमणा नव्हता तो, आणि तेच जास्त लागलं.

श्रावणात एकदा बाबांनी त्यांना सहज विचारलं, यंदा भात कसा काय. काका म्हणाले, “बरा हाय साहेब. वरच्या तुकड्यातलं रोप पातळ आलं औंदा. खालचा एक तुकडा तसाच ठेवला.” बाबा म्हणाले, पाऊस कमी झाला असेल. काका म्हणाले, “तसंच असंल.” मी आत पोळ्या लाटत होते. लाटणं थांबवलं पण नाही, थांबलं तर कुणीतरी विचारेल म्हणून.

मग काका रिटायर झाले, पाड्यावर गेले. मी तिकडे परत कधी गेले नाही. एसटीने दीड तास लागतो फक्त.

सरांची चप्पल वाजली जिन्यात. हे पान मशीनवरून काढून वहीत ठेवते, त्या खोडलेल्या ओळीच्या शेजारी. पण तुम्ही मला सांगा, खरं खरं सांगा. तुमच्या हातून कुणाचं असं झालंय का, आणि सांगायची वेळ एकदम समोर येऊन उभी राहिली, पाण्याचा ग्लास हातात घेऊन, आणि तुम्ही भलतीकडे बोट दाखवून ओरडलात, आली, आली? झालंय का तुमचं? आणि मग तुम्ही परत गेलात का सांगायला?